विंडोजच्या खिडकीत लिनक्स: व्हर्च्युअलबॉक्सचे आठ महिने

ड्युअल बूट, म्हणजे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी, मी पूर्वी एकदा करून बघितलंय. पार्टिशन (डिस्कचे भाग) पाडताना भलत्याच ओळीवर क्लिक केलं आणि विंडोजसकट सगळं गेलं. म्हणून या खेपेला लिनक्स शिकायचं ठरवलं तेव्हा अट एकच होती, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत एक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, त्या अटीत बसलं. आठ महिने झाले, विंडोज 11 च्या आत लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) चालवतेय, जवळजवळ रोज. लॅपटॉप साधाच आहे: 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, आठ थ्रेडचा प्रोसेसर.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहीत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. मूळ पॅकेज मुक्तस्रोत आहे आणि फुकट आहे. जादा सोयींच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा असतो, ऑफिसच्या मशीनवर टाकणार असाल तर तो आधी वाचा. मला त्या पॅकची गरजच पडली नाही.

पहिला आठवडा मात्र वैतागात गेला. माउस हलवला की बाण मागून रांगत यायचा. मी लिनक्सला नावं ठेवत होते आणि कारण समोर दिसत होतं: खिडकीच्या खालच्या पट्टीत, उजवीकडे, एक चिमुकलं हिरवं कासव. ते शोभेचं चित्र आहे असं मला वाटलं होतं! प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनसाठी खास सोय असते, इंटेलमध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही. माझ्या मशीनवर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) चालू होता, म्हणजे ती सोय आधीच त्याच्या ताब्यात होती आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत जावं लागत होतं. कासवाचा अर्थ तोच. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी बंद केलं, विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म या दोन्हींच्या खुणा काढल्या, रीस्टार्ट केलं. कासव गेलं, बाण पळायला लागला. पण मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, ते काढायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर या खुणा काढल्यावर ते चालणार नाही.

दुसरी चूक हावरटपणाची. गेस्टला, म्हणजे आतल्या लिनक्सला, जास्त दिलं की जास्त पळेल, या हिशेबाने 10 जीबी रॅम आणि सहा कोअर देऊन टाकले. स्लायडर लाल पट्ट्यात गेला होता, तरी दिले. झालं काय, तर होस्टचाच, म्हणजे बाहेरच्या विंडोजचाच, श्वास कोंडला आणि होस्ट अडखळला की आतला पाहुणाही अडखळतो. आता 5 जीबी आणि तीन कोअरवर दोघंही सुखात आहेत. सिनॅमन हा मिंटचा सजावटीचा डेस्कटॉप काढून हलका एक्सएफसीई घेतला, त्याचाही फरक पडला. व्हीएममधलं ग्राफिक्स असल्या सजावटीला पुरत नाही. गेम आणि व्हिडिओ एडिटिंगचा तर विचारच सोडा.

आता स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती. या सगळ्या खटाटोपाचं सार्थक मला इथे वाटतं. शिकताना मी एकदा 'जुनं' समजून सिस्टिमचं पायथॉन (मिंटचे बरेच प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती भाषा) काढून टाकलं. त्याच्यासोबत निम्मा डेस्कटॉप गेला, उरली काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. मशीन बंद केलं, कालचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला, मिनिटभरात जैसे थे. त्या दिवसापासून भीडच चेपली. काहीही मोडून बघायचं, बिघडलं की मागे जायचं.

आणि तिथेच घात झाला. एका अपग्रेडमध्ये काहीतरी बिनसलं म्हणून सवयीने तीन आठवड्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर गेले. रिस्टोअर करताना एक चौकोन दिसतो, आत्ताच्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यायचा का म्हणून. खूण आधीच केलेली होती. जागा वाचवायला मी ती काढली. मशीन उत्तम चालू झालं आणि मग लक्षात आलं की होम फोल्डरमधल्या तीन आठवड्यांच्या नोट्सही तीन आठवडे मागे गेल्या आहेत. म्हणजे नाहीतच. दोष माझाच. अख्खी डिस्क मागे जाते, त्यात आपलं लिखाणही आलंच, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

तेव्हापासून कागदपत्रं शेअर्ड फोल्डरमध्ये. तो होस्टच्या डिस्कवर असतो, त्यामुळे स्नॅपशॉटचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यासाठी मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्रॅम, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स टाका आणि आपल्या युजरला व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये घाला, नाहीतर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. कोड मात्र तिथे ठेवू नका. लिनक्सच्या परवानग्या त्या फोल्डरमध्ये नीट टिकत नाहीत, हजारो बारक्या फाइल असल्या की गतीही मंदावते. कोड मी आतच ठेवते आणि गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बाहेर ढकलते.

जागेचंही सांगायला हवं. व्हीएमची डायनॅमिक डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल; ती गरजेप्रमाणे वाढते, पण आतल्या फाइल पुसल्या म्हणून आपोआप आक्रसत नाही. आत 14 जीबी वापर दिसत होता तेव्हा बाहेरची फाइल 31 जीबी झाली होती, वर सात स्नॅपशॉट. शेवटी होस्टची डिस्कच भरली आणि व्हीएम आहे तिथे थांबलं. स्नॅपशॉट पुसून जागा करावी म्हटलं, तर पुसताना आधी बदल एकत्र जोडले जातात आणि त्या जोडणीलाच जागा लागते. विंडोजमधल्या जुन्या डाउनलोड्सचा बळी देऊन सुटले.

उजव्या कंट्रोलची सवय व्हायला दोन दिवस लागतात. पकडलेला माउस आणि कीबोर्ड त्याच कळीने सुटतात. कामाच्या शेवटी शटडाउनऐवजी मी सेव्ह स्टेट करते, दुसऱ्या दिवशी टर्मिनल अर्धवट टाइप केलेल्या ओळीसकट समोर येतो.

आता स्नॅपशॉट दोनच ठेवते आणि महिन्यातून एकदा अख्खं मशीन ओव्हीए फाइल करून बाहेरच्या डिस्कवर टाकते. गेल्या महिन्यात ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर मुद्दाम उघडून पाहिली. तिथे मिंट चालू झालं, फक्त शेअर्ड फोल्डरचा पत्ता नव्याने द्यावा लागला.