‘एस्तेसा’ आणि ‘एस्तेन’ : उभे करणे की उभे राहणे?
प्राचीन ग्रीकमधील ‘हिस्तेमि’ या क्रियापदाला साध्या भूतकाळाची दोन रूपे आहेत. ‘एस्तेसा’ म्हणजे ‘मी उभे केले’. ते सकर्मक आहे, मग कर्म पुतळा असो वा खांब. ‘एस्तेन’ म्हणजे ‘मी उभा राहिलो’; ते अकर्मक असून, धातूला थेट प्रत्यय लागून बनत असल्याने संस्कृतातील ‘अस्थाम्’चे (‘मी उभा राहिलो’) सख्खे भावंडच ठरते, आणि मला तरी तेच अधिक देखणे वाटते. गोंधळ होतो तो तृतीयपुरुषी अनेकवचनात. तेथे दोहोंचे रूप ‘एस्तेसान’ असे एकच होते. त्यामुळे प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझच्या इतिहासात ‘त्रोपायोन एस्तेसान’ वाचताना ‘त्रोपायोन’, म्हणजे विजयचिन्ह, हे कर्म पाहूनच ‘त्यांनी उभारले’ असा अर्थ लावावा लागतो. पूर्णकाळाचे ‘हेस्तेका’ मात्र ‘मी उभा आहे’ असा चक्क वर्तमानाचा अर्थ देते.