काळ्या पानांच्या नावाखाली आली कर्दळ

आमचं घर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात. मागच्या आवारात विहिरीशेजारी दोन जुने फणस आहेत, त्यामुळे तिथं भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. मोगरा लावला, तो जगला पण फुलला नाही. जास्वंद नुसती काटकुळी वाढली. त्या कोपऱ्यात काहीतरी फुलावं ही माझी फार वर्षांची इच्छा, आणि तिथंच मी सापडले.

मे महिन्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. पुरुषभर उंच झाड, जवळजवळ काळी म्हणावी अशी जांभळट पानं, वर पांढऱ्या फुलांचे लांब तुरे. ‘दाट सावलीत फुलणारं, वर्षानुवर्षं टिकणारं, थेट जपानहून आणलेले कंद.’ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर त्या माणसानं वनस्पतीचं शास्त्रीय नावही सांगितलं: अ‍ॅक्टिया सिम्प्लेक्स. वर म्हणाला, “बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, मॅडम. तुमच्या हवेत हमखास येणार.” आपल्या भागाची अशी ओळख असणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं. पाच कंदांचे २४०० रुपये मी यूपीआयवरून पाठवले. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यावर गेले, तिथंच मी थांबायला हवं होतं.

मृगाच्या आधी खोकं आलं. नारळाच्या भुश्शात गुंडाळलेले पाच गड्डे होते, आत ना बिल, ना पत्ता. शेणखत घालून लावले. पाऊस सुरू झाला आणि भराभर कोंब फुटले. जुलैअखेर झाडं कमरेएवढी झाली. पानं मात्र रुंद आणि हिरवीगार.

फोटो पाठवले तर उत्तर आलं, “सावली जास्त झाली की रंग उतरतो. रंग आणणारं खत पाठवतो, ६५० रुपये.” मी तेही पाठवले. हे लिहिताना अजूनही जिवाला लागतं, कारण त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. काळ्या पानांच्या बऱ्याच झाडांचा रंग गडद सावलीत खरंच फिका पडतो.

शेजारच्या आक्का दूध द्यायला आल्या आणि बघून म्हणाल्या, “अवो बाई, ही कर्दळ की ओ! आमच्या गटारीकडंला रग्गड हाय.”

मग मात्र मी नीट वाचायला बसले. आधीच वाचलं असतं तर पैसे वाचले असते. अ‍ॅक्टियाचं पान अनेक लहान पर्णिकांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक पर्णिकेच्या कडेला दाते असतात. कर्दळीचं पान केळीसारखं एकसंध. सावलीनं रंग जाईल, पण पानाचा आकार कसा बदलेल? अ‍ॅक्टिया मूळचं जपान, कोरिया, चीन, रशियाचा पूर्व भाग इथलं, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जाणारं आणि खरी थंडी मागणारं झाड. आपल्याकडे डिसेंबरात दव पडतं, पण जमीन गोठत नाही, आणि एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो. खरे कंद आले असते तरी ते इथं रमले नसते. त्याचं बीही कुणी विकत असेल तर घेऊ नका. ते उगवायला आधी उबेचा, मग थंडीचा काळ लागतो, त्यात महिने जातात, आणि आलेल्या रोपाची पानं काळीच होतील याचा भरवसा नसतो. काळ्या पानांची जात जुन्या झाडाचा गड्डा विभागूनच वाढवतात.

परदेशातून कंद आणायचे तर आयातीचा परवाना लागतो, शिवाय कीड-रोग नसल्याचा त्या देशाचा फायटोसॅनिटरी दाखलाही लागतो. ‘जपानहून आणले’ म्हणणाऱ्याकडे या दोन कागदांचे फोटो मागा. मी मागितले तेव्हा त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पण तिथं पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी दोन महिन्यांनी केला. पैसे आले नाहीत. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि खोक्यावरचं लेबल जपून ठेवलं होतं म्हणून निदान तक्रार तरी नीट लिहिता आली. लेबल लगेच फाडून टाकू नका.

कर्दळी मी उन्हात, मोरीच्या पाण्यावर हलवल्या. त्यांचा काही दोष नाही. फणसाखाली आता पेव लावलाय. आपल्याच जंगलातला, झाडांच्या सावलीत वाढणारा, पावसाळ्यात लाल कणसातून पांढरी फुलं काढणारा. पानं हिरवीच, पण उंची हवी तेवढी. कंद आक्कांच्या माहेरहून आले.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावानं दिसली. फोटो तोच, दर आता ३००० रुपये. फोटोत तुऱ्यांच्या मागे डावीकडे ढासळलेली दगडी भिंत आहे, तेवढी खूण लक्षात ठेवा.