‘जोडी’ म्हणून दोन नर गळ्यात मारले : शॅमेलिऑन घेणाऱ्यांनी वाचावे

गेल्या जूनमध्ये म्हापशाजवळच्या एका विक्रेत्याने मला व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याची) नर-मादी जोडी म्हणून दोन नर विकले, दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवायला सांगितले आणि त्यांपैकी एक सदतिसाव्या दिवशी मेला. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण वीस वर्षे मी हिशेबतपासणीचे काम करतो आणि दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधण्यावर माझे घर चालते. तरीही लिहितो आहे, कारण तोच माणूस आता दुसऱ्या फोन क्रमांकावरून तशीच ‘जोडी’ विकायला बसला आहे.

रकमा स्पष्ट सांगतो. दोन प्राण्यांचे ३८,००० रुपये, ‘जोडीसाठी खास’ म्हणून दिलेल्या जाळीच्या पिंजऱ्याचे ९,५००, यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचे ३,२००, नोंदणीच्या कागदांचे ४,००० आणि फोंड्यापर्यंत पोचवण्याचे १,८००, असे ५६,५०० रुपये मी यूपीआयने दोन हप्त्यांत दिले. खाते दुकानाच्या नावाचे नव्हते, कोणा तिसऱ्याच माणसाचे होते. पक्के बिल मागितले, तेव्हा उद्या पाठवतो म्हणाला. ज्या दिवशी पैसे द्याल त्याच दिवशी, त्याच जागी बिल घ्या.

मी डोळे मिटून गेलो नव्हतो. दोन महिने वाचन केले होते. शॅमेलिऑन हा एकटा राहणारा प्राणी आहे आणि दुसरा नुसता नजरेस पडला तरी त्याच्यावर ताण येतो, हे मला माहीत होते, म्हणूनच दोन पिंजरे द्या असे मी स्वतःहून म्हटले होते. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “सर, ते दोन नरांचं झालं. ही लहानपणापासून एकत्र वाढलेली जोडी आहे. वेगळी केलीत तर मादी खाणं सोडेल.” पिल्ले काही महिने एकत्र राहू शकतात हे खरे आहे, आणि त्या खऱ्याच्या आधाराने त्याने पुढचे सगळे खोटे माझ्या गळी उतरवले. प्रत्यक्षात खऱ्या जोडीलाही नेहमीसाठी एकत्र ठेवायचे नसते; मिलनापुरते आणायचे आणि मादीने नकाराचे गडद रंग दाखवले की लगेच दूर करायचे.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. त्याने ‘मादी’ माझ्या मनगटावर ठेवली. बाहेर पाऊस कोसळत होता, आत एकच ट्यूबलाइट होती, आणि ती पकड घट्ट करत माझ्या हातावरून वर सरकत असताना तिच्या मागच्या पायाच्या टाचेवर तांदळाच्या कणीएवढे एक टोक मला दिसले. व्हेल्ड जातीत नराच्या मागच्या टाचेवर असे टोक अंड्यातून बाहेर येतानाच असते आणि मादीला ते नसते. मी हे वाचलेले होते. मी त्या टोकावर बोट ठेवून विचारलेसुद्धा. “साल निघतेय सर, कात अडकलीय,” असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. माझी मुलगी शेजारी उभी होती, तिने दोघांची नावेही ठरवून टाकली होती, आणि तिच्यासमोर व्यवहार मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. तेथून तसेच उठून यायला हवे होते.

घरी पहिल्या आठवड्यात भांडण असे काही झाले नाही, आणि आम्ही तिथेच फसलो. थोरला दिव्याखालची फांदी धरून बसे, धाकटा खाली जास्वंदीच्या पानांत काळपट पडून, अंग चपटे करून, दिवसाढवळ्या डोळे मिटून राही. पानांवर फवारलेले पाण्याचे थेंब चाटायलाही तो वर येईना. पावसाळ्यामुळे सुस्तावला असेल, असे आम्ही समजलो. फोंड्यात सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर मिळाला नाही, म्हणून पणजीपर्यंत नेले. त्या खेपेचे २,६०० रुपये झाले. डॉक्टरांनी उलटा धरून टाच दाखवली आणि म्हणाले, “दोन्ही नर आहेत. आजच वेगळे करा, मध्ये अपारदर्शक पडदा लावा.” दोनच दिवसांनी, १९ जुलैला, धाकटा गेला.

त्यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात “सरड्यासाठी तक्रार?” म्हणून दोघे जण हसले आणि तिसऱ्याने सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, मग फसवणूक कसली. संबंधित सरकारी कचेरीत तीन खेपा घातल्या. दोनदा साहेब बाहेर होते. तिसऱ्यांदा भेटले तेव्हा त्यांनी विक्रेत्याने दिलेला कागद पाहून तो दुसऱ्याच माणसाच्या हिरव्या इग्वाना या वेगळ्याच सरड्याचा असल्याचे सांगितले आणि वर मलाच विचारले की विनानोंदणी प्राणी बाळगल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये. व्हेल्ड शॅमेलिऑन साइटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, हे मला मान्य आहे. त्याच नोंदणीसाठी मी ४,००० रुपये मोजले होते. जो उघडपणे विकतो त्याला कोणी विचारत नाही आणि जो स्वतःहून सांगायला जातो त्यालाच दरडावले जाते, मग दुसरा कोण तक्रार करायला पुढे येईल? ग्राहक आयोगाकडे जावे तर पहिला प्रश्न बिलाचा.

घेणारच असाल तर कागदावर जातीचे शास्त्रीय नाव आणि देणाऱ्याचे नाव स्वतः वाचा. मी इतरांचे कागद वाचतो, हा मात्र वाचला नाही. स्वस्तात ‘लोकल’ देतो म्हणाला, तर तो आपल्या रानातला शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा, असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो पाळणे हा गुन्हा आहे. मागची टाच चांगल्या उजेडात बघा. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा, एकमेकांना न दिसणारा. हे सांगणारा विक्रेता एक पिंजरा जास्त विकण्यासाठी बोलतो आहे, असे समजू नका.

माझे ५९,१०० रुपये गेले. थोरला अजून आमच्याकडे आहे, त्याच्या नोंदणीसाठी मी स्वतःच्या नावाने अर्ज केला आहे आणि विक्रेत्याविरुद्धच्या लेखी तक्रारीची शिक्का मारलेली पोच चौथ्या खेपेला भांडून घेतली आहे. सोमवारी पाचव्यांदा जाणार आहे.