ज्युनिपर बोन्सायची वार्षिक देखभाल सेवा : एका वर्षानंतरचा अभिप्राय

कोथरूडमधील आमच्या गच्चीवर ज्युनिपरचे एक बोन्साय आहे. मूळची जपानच्या किनाऱ्यावरची ही सूचिपर्णी जात हिवाळ्यात विसावणारी. पुण्याच्या हवेत तिला तो विसावा अर्धामुर्धाच मिळतो, त्यामुळे तिच्या निगेचे वेळापत्रक येथील ऋतूंप्रमाणे नव्याने बसवावे लागते. आधीची दोन झाडे गमावल्यावर मी शहरातील एका रोपवाटिकेची वार्षिक सेवा घेतली. वर्षात चार भेटी आणि शुल्क 4,800 रुपये. माती, खत आणि फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळायची तार यांचे पैसे वेगळे.

सर्वांत उपयोगी ठरली ती एप्रिलमधील पहिली भेट. पाला फिकट आणि धुळकट दिसत होता आणि मी तो उन्हाचा परिणाम समजून पाणी वाढवत होते. आलेल्या माळीकाकांनी फांदीखाली पांढरा कागद धरून ती हलकेच झटकली, तेव्हा कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले. तो लाल कोळी होता. कोरड्या, उष्ण हवेत ही कीड फोफावते, म्हणून औषधाची घाई न करता त्यांनी आठवडाभर रोज सकाळी पाल्याच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांगितले. तेवढ्याने भागले.

जूनच्या भेटीत त्यांनी फांद्यांवरची तार काढली, कारण पावसाळ्यात फांदी जाड होऊ लागली की तार सालीत रुतते. कुंडी विटांवर उचलून एका बाजूला किंचित कलती ठेवल्यामुळे संततधारेतही पाणी साचले नाही. या झाडाची मुळे कुजली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो, हे त्यांच्याकडूनच कळले. म्हणजे आधीच्या दोन्ही झाडांना मी ती मेल्यानंतरही मनोभावे पाणी घालत होते.

ऑक्टोबरची भेट तीन आठवडे उशिरा झाली आणि खत घालण्यापलीकडे तीत काही घडले नाही.

खरी तक्रार जानेवारीअखेरच्या भेटीबद्दल आहे. या वेळी आलेल्या नव्या मुलाचा छाटणी, तारकाम आणि कुंडीबदल ही तिन्ही कामे एकाच दुपारी उरकण्याचा बेत होता. ज्युनिपर आपली बरीचशी ताकद पाल्यात साठवते. ज्या दिवशी मुळे कापायची त्याच दिवशी पालाही उतरवला, तर सावरायला तिच्याजवळ काही उरत नाही. मी त्याला थांबवेपर्यंत त्याने काही शेंडे नखांनी खुडले होते आणि दहा दिवसांत ते सगळे तपकिरी पडले. कुंडीबदल मात्र त्याने उत्तम केला, हेही सांगितले पाहिजे : चाळलेले विटांचे तुकडे आणि जाड रेती वापरली, मुळांचा एक तृतीयांशाहून कमी भाग कापला आणि जुनी माती पूर्ण न झटकता मधला गड्डा तसाच राखला.

माळीकाकांच्या दोन भेटींतच माझे पैसे वसूल झाले, म्हणून दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरले आहे. कुंडीबदलाच्या दिवशी छाटणी करायची नाही आणि एरवीही पाल्याला कात्रीशिवाय हात लावायचा नाही, एवढे मात्र पावतीवर लिहून घेतले आहे.