धुकं भरलेल्या दरीसाठी कॅननची ७०-२०० एफ/४

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली धुकं भरलेलं दिसलं की हात आधी वाइड लेन्सकडे जातो, आणि तिथेच फोटो फसतो. दरी चादरीसारखी सपाट येते, वर डोकं काढणारे सुळके मुंगीएवढे. कॅननची ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस ही झूम लेन्स (२००६ची पहिली आवृत्ती; आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय) इथे कामाला येते. १००-१५० मिमीला डोंगरांच्या रांगा एकमेकींना खेटतात, धुक्याचे थर सुटे दिसतात. वजन ७६० ग्रॅम. जास्त उजेड आत घेणारी एफ/२.८ वाली जवळपास दुप्पट जड. कड्यावर येणारी नळीची अवघड वाट चढून आल्यावर हा फरक खांद्यालाच विचारा. काम एफ/८ वरच, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवूनच करायचं, तर २.८ चे पैसे कशाला?

कुरकुर एकच, पण मोठी: ट्रायपॉडची कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं) सोबत येत नाही. ती नसेल तर सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर येतो आणि वाऱ्यात अर्ध्या सेकंदाच्या फोटोत हादरा उमटतो. ट्रायपॉडवर आयएस बंदच ठेवा.

ऑटोफोकस निव्वळ धुक्यावर भिरभिरतो. सुळक्याच्या कडेवर फोकस धरा, मग लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या धुक्याचं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१.

बाहेर गार झालेली लेन्स तंबूच्या दमट उबेत नेऊ नका, चष्मा धुरकटतो तशी धुरकटायला नको. रात्रभर बॅगेत, तंबूच्या बाहेरच्या फ्लायखाली (वरच्या आच्छादनाखाली) असू द्या. सकाळी सूर्य पाठीशी असताना खालच्या ढगावर इंद्रवज्र (गोल इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं) उमटलंच, तर लगेच ७० मिमीवर या. २०० ला कडं कापलं जातं.