पाटे की ट्रेलिंग आर्म? कॅम्पिंग ट्रेलर बांधण्याआधी

नागपुरात कॅम्पिंग ट्रेलर बांधून घ्यायचा म्हटलं की बोलणं लगेच तंबू आणि किचनच्या कप्प्यांवर जातं. माझं म्हणणं, आधी खाली वाकून चाकांकडे बघा.

पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, सस्पेन्शन सरळ. एक आडवा ॲक्सल, दोन बाजूंना पाटे, यू-बोल्टने आवळलेले. नागपूरलगतच्या वाडीत ट्रकची कामं करणाऱ्या मिस्त्रीला ते नवीन नाही, आणि चिखलदऱ्याच्या वाटेवर पाटा तुटला तर परतवाड्यातही काम होईल. अडचण त्या मधल्या ॲक्सलची. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा तसाच राहतो. ॲक्सल त्यावर घासतो, चिखल धरतो आणि ट्रेलर नांगरासारखा ओढावा लागतो.

ट्रेलिंग आर्ममध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात, त्यावर कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. मधे ॲक्सलच नाही, म्हणून पोट मोकळं. पण दोन्ही बाजूंचे पिव्हट, म्हणजे हात ज्यावर फिरतात ते सांधे, एका रेषेत नसले तर टायर एका कडेने झिजतात. जिग (वेल्डिंग करताना भाग जागेवर पक्के धरणारा साचा) न वापरणाऱ्या वेल्डरकडे हे काम देऊच नका.

डांबरी आणि मुरमाच्या रस्त्यांसाठी मी पाटेच घेईन, शॉक ॲब्सॉर्बर जोडून. शेतातून, नाल्यातून जायचंच असेल तर खर्च सोसून ट्रेलिंग आर्म.

चाकं मात्र ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची ठेवा, स्टेपनी दोघांना चालते. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. पाण्याची टाकी पार मागे बसवली तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.