माणकाची कानातली: मागून बंद की उघडी?

चुलतभावाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी माणकाची सोन्याची कानातली घ्यायची ठरली आणि त्याने मला विचारलं, क्लोज सेटिंग घेऊ की ओपन? आमच्या घरी दोन्ही आहेत म्हणून विचारलं. माझ्या सांगण्यात थोडा पक्षपात आहे, तेवढा वजा करून वाचा.

रूपात बंद कोंदणच जिंकतं, हे आधीच कबूल करतो. खड्याच्या मागे सोन्याचा पत्रा आणि मधे बहुतेकदा चमक वाढवणारा पातळ वर्ख असतो, जुने सोनार त्याला डाक म्हणतात. उजेड त्यावर आपटून परत फिरतो आणि फिकट माणिकसुद्धा पिकल्या रातांब्यासारखं लाल दिसतं. तेच माणिक उघडं बसवलं की गुलाबीकडे झुकतं. लग्नाच्या फोटोत हा फरक कळतो. शिवाय सोन्याची कड खड्याला चहूबाजूंनी धरते, पदराला काही अडकत नाही.

मग अडलं कुठे? पावसात. आम्ही दापोली तालुक्यात राहतो, रात्री झोपताना गाज ऐकू येते इतका समुद्र जवळ. आषाढात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. आमच्या हिने बंद कानातली रोज घातली, आंघोळीलाही काढली नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात डावा खडा तपकिरी पडला, उजवा तसाच लाल. मळ बसला असेल म्हणून ब्रशने घासलं, पण काळं आतून होतं. कडेच्या बारीक फटीतून पाणी शिरलं आणि वर्ख काळवंडला. सोनाराने कड उचकून वर्ख बदलून दिला, मजुरी घेतली. दीड वर्षाने उजवा गेला. समोरचा माणूस बोलताना आधी एका कानाकडे बघतो, मग दुसऱ्या, आणि मग उगाच हवापाण्याचं विचारतो. मला तेवढं एकच सहन होईना. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. घाटावरच्या मेहुणीची अशीच जोडी वीस वर्षं ठणठणीत आहे, पण मेहुणी ती आंघोळीआधी काढूनही ठेवते.

म्हणून दुसरी जोडी ओपन सेटिंगची, चार प्रॉंगची, म्हणजे खडा धरणाऱ्या चार सोन्याच्या नख्यांची घेतली. मागे काही नाहीच, तर काळं काय पडणार? गणपतीच्या आधी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ टूथब्रश फिरवला की झालं. खोड्या हिच्याही आहेत. शालीचे धागे अडकतात. 22 कॅरटचं सोनं मऊ, त्यात प्रॉंग सैल व्हायची भीती, म्हणून आम्ही 18 कॅरट घेतलं. सासूबाईंच्या लेखी ते सोनंच नाही, आणि मोडीत भाव कमी येणार हे खरंच आहे. नखाने टिचकी मारली की सैल खडा किटकिटतो, वर्षातून एकदा तेवढं ऐकायचं.

पाचूचा मोह आम्हालाही झाला होता. पण त्यातल्या भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात, गरम पाण्याने ते तेल निघतं. काठिण्यातही माणिक 9, पाचू साडेसात ते आठ. पोवळं तर कोकमाच्या आगळाचा हात लागला तरी निस्तेज होतं. काच भरलेलं माणिक स्वस्त मिळतं, पण लिंबाचा रस त्यालाही खातो, तेव्हा बिलावर तसं स्पष्ट लिहून घ्या. खड्याचं आणि निव्वळ सोन्याचं वजनही वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर खडा सोन्याच्या भावात पडतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक माणिक लालच दिसतं, दारात येऊन उजेडात बघा. सराफ नाराज होत नाहीत.

मुलगी सासरी हर्णैला, म्हणजे समुद्रकाठीच जाणार आहे, म्हणून उघडीच घे म्हटलं. पुण्याला जाणार असती तर कदाचित मीही बंदच घे म्हटलं असतं.

आमची जुनी जोडी मोडलेली नाही. दिवाळीनंतर ती बाहेर निघते, लग्नांत मिरवते आणि शिमगा झाला की परत डबीत जाते.